जावक नंबर एक

सोलापूर
सोमवार, ता. २२ मे १९७८

चि. महिपतीस तुझ्या आईचा पोटभर आशीर्वाद. मी आन् रंभा हितं बऱ्या हाओत. तुझी, सोनाबाईची आन् मेंढरांची खुशाली कळव. तांबडी व्याली का न्हाई ते आदी लिव.

अक्षर बघून दचकू नको. दर खेपंला मी सांगते आन् तुझी लेक लिवती. ह्या खेपंला माझ्याच हातानं लिवतेय. दुसरीपातूर शिकलेली हाय मी, तेवढं पुरतंय की.

कचेरी एकदा बघून जा रं बाबा. डोक्यावर पंखा फिरतोय, दारात गार पाण्याचा माठ, आन् साहेब आला की समदी उटून हुबी राहत्यात. कालेजातल्या चारच पोरी निवडल्या ह्या दोन म्हयन्याच्या कामाला, त्यात आपली रंभा. हितं जिल्ह्यातली जनावरं कागदावर मांडत्यात. गाई किती, म्हशी किती, मेंढरं किती. रंभा गावागावाचे कागद घिऊन बेरजा करती. साहेब मला म्हणाला, "आजी, तुमच्या नातीची बेरीज पुन्हा तपासावी लागत नाही." त्या दिशी मी दोन डाव चा प्याले.

तूच म्हणला हुतास, आई दारात बसंल तरच पोरगी कचेरीत जाईल. म्हणून मी अकरा ते साडेपाच व्हरांड्यातल्या बाकड्यावर बसते. पयल्या दिशी शिपायानं इचारलं, "आजी, तुमचं काय काम?"
म्हणलं, "राखण."
"कुणापासनं?"
मी बाकड्यावर सरकून त्यालाच बसायला जागा दिली.

एक गंमत सांगते. परवा आपल्या गावाचा कागद निघाला. तुझ्या नावाफुडं मेंढरं चाळीस. मी खिडकीतनं ऐकलं आन् हसायलाच लागले. साहेब भाईर आला. मी म्हणलं, "साहेब, धनगर मेंढरांचा खरा आकडा सांगत न्हाई, दिष्ट लागती. चाळीस म्हणला तर साठ धरा." त्यानं ते वहीत टिपून घेतलं. रंभा लाजून लाल झाली. तू रागावू नको, आपलं शानपण आता सरकारजमा झालं.

खोली एका विणकराच्या घरामागं हाय. दिवसभर मागांचा खडखडाट. घरमालकीण तेलुगूत बोलती, मी आपल्या बोलीत बोलते, दोगींचं भागतं. वर पत्रा, खिडकी एकच, तीबी शेजारच्या भिंतीवर उगडती. कचेरीतनं आलं की रंभा त्या खिडकीखाली पुस्तक घिऊन बसती आन् मी दाराला कडी लावते. तसं तू सांगितलंयस. ते कडी लावायचं काम तेवढं मला आवडत न्हाई.

तुझं पत्र मिळालं. गेल्या मंगळवारीच मिळालं. हे मगाशीच लिवायला पायजे व्हतं, पण मी पंख्यातच रमले.

रंभानंच वाचून दाखवलं. पंधरा जूनला तानीच्या सिद्धनाथबरोबर रंभाचं लगीन धरलंय, तानी लई खुशीत हाय, आता फुडलं कालेज नको, सत्तावीसला शनवारी दोगी निघून या. एखाद्या गावाचा कागद वाचावा तशी पोरगी वाचत गेली. घडी करून माझ्या हातात दिली आन् म्हणाली, "आज्जी, शनवारपातूर बेरजा व्हायच्या न्हाईत. माढा तालुक्याचे कागद तसंच राहत्याल."

बस. जेवलीबी, दोन भाकरी खाल्ल्या. रडली असती तर समजूत घातली असती. रडलीच न्हाई तर काय घालायचं?

दुसऱ्या दिशी कचेरीच्या वाटंवर मीच काढलं. "सिद्धनाथ वाईट हाय का गं? माझ्याच लेकीचा लेक."
"चांगला हाय की."
"मग?"
"मग काय. तू माझ्या बारशातच शब्द दिलास. मी बारा दिसांची हुते, मला ऐकू आलं न्हाई."
ती फुडं चालत ऱ्हायली, आन् मी मागनं राखण.

महिपती, समदी म्हणत्यात तुमी भावाबहिणीनं लगीन ठरवलं. ठरवलं मी. बारशाला तानी आलती, सिद्धनाथ तिच्या कडंवर. मी कुंची घातलेली रंभा उचलली, तानीच्या वटीत ठिवली आन् भरल्या बायांत म्हणले, ही तुझी. बाया हसल्या, गूळ वाटला. बाळंतीण सोनाबाई बाजंवर पडून हुती. तिला कुणी इचारलं न्हाई. मलाबी कुणी इचारलं नव्हतं, दुसरीतनं उटवून बोहल्यावर बसवलं. मेंढरांचा आकडा आपुन दिष्टीच्या भ्यानं लपवतो, आन् पोरगी बाराव्या दिशी मोजून देतो.

बाकड्यावरनं आत बघितलं की कागदांच्या ढिगात तिचं डोस्कं दिसतं. वाघरीत कोंडलेलं मेंढरू जाळीतनं भाईरचं रान बघतं ना, तशी ती बघती. आन् वाघरीच्या तोंडाशी कुत्र्यागत कोण बसलंय, तर मी. मंगळवारपासनं चा गोड लागत न्हाई.

हितं शिवयोगी म्हणून कारकून हाय, अक्कलकोटचा. टपाल त्याच्याकडं. आलेल्या पत्राला आवक नंबर देतो, गेलेल्याला जावक नंबर. शुक्रवारी मी इचारलं, "एकदा गेलेलं पत्र माघारी येतं का रं?"
"नाही आजी. जावक झालं, संपलं."
"चुकीचं गेलं असलं तर?"
"दुसरं काढायचं. वर संदर्भ घालायचा, अमुक पत्र दिलं होतं, ते रद्द समजावे. खाली सही. ज्यानं पहिलं काढलं त्यानंच काढायचं."
"सरकारला लाज वाटत न्हाई?"
"लेखी असलं की लाज नसते. लाज तोंडी बोलणाऱ्याला."

तवा आज लिवायला बसले.

विषय, रंभाचं लगीन. संदर्भ, माझा बारशातला शब्द. तो मी तोंडी दिला हुता, आज लेखी रद्द करते. रंभा हितले दोन म्हयने पुरे करंल आन् कालेजचं शेवटचं वरीस शिकंल. मग सिद्धनाथला वाटलं तर त्यानं यावं आन् तिलाच इचारावं. आमी शनवारी येत न्हाई.

ह्याची एक प्रत तानीला धाडतेय. ती रडंल. माझीच लेक हाय, तिचं रडणं मलाच लागणार, लागू दे. रंभाला अजून सांगितलं न्हाई. पत्र पेटीत पडलं की सांगीन, म्हंजी मलाबी माघारी फिरता यायचं न्हाई.

तुला न्यायला यायचं असंल तर ये. बाकड्यावर बस, चा सांगते. पण दारात मी बसलेली हाय, एवढं ध्यानात ठिव.

सही,
केराबाई
जावक नंबर १