पाहुण्याचा शेरा

ता. ३
चि. भिरभिऱ्यास आशीर्वाद.

फौजेतली अठरा वर्षं संपवून घरी आलो, त्याला दोन महिने झाले. सतराला नगरपालिकेची निवडणूक. आपल्या गावात मी अजून एकदाही मत दिलेलं नाही, म्हणून दाढी करून यादी बघायला गेलो. आईचं नाव आहे, तुझंही आहे. माझ्यावर काट! कारकुनाने वही दाखवली. घरोघर माणसं मोजली तेव्हा माझ्यापुढे शेरा पडलाय, 'पाहुणा'. रांगेतला शिंपी म्हणाला, पाहुण्याला चहा मिळतो, मत नाही. सगळे हसले.

आई त्या दिवशी डोळे दाखवायला गेली होती म्हणे. मग दारात कोण होतं? ज्याने सांगितलं त्यानेच दहा तारखेच्या पाचपर्यंत लेखी मागे घ्यायचं, नाहीतर काट कायम.

रागावलेलो नाही असं लिहिणार होतो. जमलं नाही.
तुझा दादा

ता. ७
ती. दादास सा. न.

तुझं पत्र दोन गावं फिरून आज मिळालं. सध्या पेंटरकाकांकडे दुकानांच्या पाट्या रंगवतो. काल 'चष्मे' लिहिताना ष-चं पोट फोडायचं राहिलं, 'चप्मे' झालं, अख्खी पाटी पुसावी लागली. जाऊ दे, विषय टाळतोय.

दारात मीच होतो. मोजणीवाल्याने विचारलं, थोरले कुठे? मी ऐटीत म्हटलं, तो काय, वर्षातून पंधरा दिवसांचा पाहुणा! तोही हसला. हसता हसता लिहितोय, हे कुठे कळलं मला!

मी निघालो तर वाटेत कुठेतरी रमेन. कागद रमत नाही. म्हणून जबाब ट्रकवाल्याच्या हाती धाडतोय. त्यात लिहिलंय, दादा घरचाच, पाहुणा मी आहे.

लोभ उरला असेल तर राहू द्यावा.
तुझा भिरभिऱ्या

ता. १७
चि. पाहुण्यास आशीर्वाद.

दहाला ट्रकवाला दारात आला तेव्हा साडेचार वाजून गेले होते. चप्पल न घालताच धावलो. कारकून खिडकी ओढत होता. साहेबांनी जबाब दोनदा वाचला, माझी काट रद्द केली. मग म्हणाले, अर्धा जबाब खरा धरता येत नाही. धाकट्याचं नाव खोडावं लागेल, चालेल का? मी तुझा जबाब मागून घेऊन पुन्हा वाचला. मग हो म्हणालो.

आज मत दिलं. शाईचं बोट शिंप्याच्या नाकापुढे धरून आलो.

नवी यादी सहा महिन्यांनी. तोवर सलग घरी राहा. यंदा मोजणीवाल्याला दारात मी भेटेन. आईने तुझी गादी उन्हात टाकलीय.

लोभ आहेच, तो न्यायला ये.
तुझा दादा