बिननावाच्या दोन काचा

प्रिय छोट्या,

सव्वीस वर्षांच्या घोड्याला अजून छोट्या म्हणते म्हणून रागावू नकोस. काल तू आमच्या जनावरांच्या दवाखान्यात आलास, माझी प्रयोगशाळा सर्दीनं शिंकून दणाणून सोडलीस आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून लहान मुलासारखा हरखलास. कोंबडीच्या तांबड्या पेशीत मधोमध केंद्रक असतं, उंटाची पेशी लांबट, बकरीची इतकी बारीक की मोजताना जीव मेटाकुटीला येतो. अठरा वर्षं मी हेच बघतेय, पण तुला दाखवताना मलाही नवं वाटलं. मग तुझा हट्ट, माझंही रक्त दाखव. बोटाला सुई टोचली तर केवढ्यानं कोकललास! आपण दोघं पोट धरधरून हसलो.

त्या हसण्याच्या नादात मी चुकले. आमच्याकडे नियम साधा आहे. काचपट्टीच्या खरखरीत टोकावर आधी पेन्सिलीनं नाव, मग रक्ताचा थेंब. काल शेजारीच एका निवृत्त शिक्षिकाबाईंच्या म्हाताऱ्या कुत्र्याची काच वाळत होती. दोन्हींवर नाव नंतर घालू म्हटलं आणि दोन्ही एकदमच रंगात बुडवल्या. कुत्र्याची तांबडी पेशी माणसाच्या पेशीसारखीच असते, केंद्रक नसलेली, मधे फिकट. नुसत्या नजरेनं फरक कळणं कठीण. तू गाडी गाठायला पळालास आणि मी बघायला बसले.

एका काचेवर पांढऱ्या पेशी थोड्या वाढलेल्या होत्या, पण चांगल्या तयार झालेल्या. तुझी सर्दी, असं म्हणून मी ती बाजूला ठेवली. दुसरी बघून मात्र मान वर करवेना. तांबड्या पेशी विरळ. जखम झाल्यावर रक्त थांबवणाऱ्या बारीक पेशी शोधूनही सापडेनात. पांढऱ्या पेशी जंतूंशी लढतात, पण त्या आधी हाडांतल्या मज्जेत पिकाव्या लागतात. इथे त्या कच्च्याच बाहेर पडून गर्दी करून बसल्या होत्या. कुत्र्याला ताप होता, त्यानं खाणं सोडलं होतं, आणि तू तर हसत होतास. मी डोळे झाकून कुत्र्याच्या नावापुढे रक्ताचा कर्करोग लिहिलं. संध्याकाळी बाईंनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि डॉक्टरांनी शेवटचं इंजेक्शन दिलं. बाई त्याच्या कानामागे खाजवत राहिल्या. तो गेल्यावरही.

कुत्र्यांत हा आजार क्वचितच दिसतो. शिकाऊ मुलींना दाखवायला दोनचार काचा जादा असाव्यात, अशी मला हाव सुटली. म्हणून आज सकाळी फ्रिजमधली त्याच्या रक्ताची नळी काढली. या वेळी आधी नाव लिहिलं. तीन काचा केल्या. तिन्हींत एकही कच्ची पेशी नाही. साधा जंतुसंसर्ग होता रे त्याला, औषधांनी बहुतेक बरा झाला असता. डॉक्टरांना मी लगेच सांगितलं. बाईंच्या घरी उद्या जाणार आहे. काय तोंडानं जाऊ, कळत नाही.

तेव्हापासून कालचा दिवस पुन्हापुन्हा आठवतेय. तुझ्या दंडावरचे जांभळे डाग. बॅग लागली म्हणालास. दोन जिने चढून तू धापा टाकत बसलास आणि मी म्हटलं, आतापासूनच म्हातारा झालास का. दात घासताना रक्त येतं म्हणालास, तर मी ब्रश बदल म्हटलं. मी! दिवसभर रक्त बघणारी बाई!

दुपारी तुला दोनदा फोन केला. दोन्ही वेळा सर्दी कशी आहे एवढंच विचारलं आणि ठेवून दिला. म्हणून हे पत्र तुझ्या भाऊजींच्या हाती देतेय. त्यांना सगळं माहीत आहे. मी जनावरांचं रक्त तपासते, माणसांचं नाही. माझं चुकलेलं असू दे, एवढंच दिवसभर मागतेय. पण ती दुसरी काच तुझी होती, छोट्या. तू वाचत असताना भाऊजी दारातच उभे असतील, त्यांनी चपला काढलेल्या नसतील. मोठ्या रुग्णालयात आजचीच वेळ घेतली आहे. त्यांना चहा विचारत बसू नकोस. शर्ट घाल आणि नीघ.

तुझीच,
ताई