खाऱ्या वाऱ्यातला लाल डोळा

आई, बोंबील दोरीवर घालताना माझे डोळे खाजायचे आणि तू हातावर चापट मारायचीस. "डोले नको चोलू, खारट हात हायत तुजे." एका बोंबलाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचं तुझं काम चालूच असायचं, चापट त्यातूनच यायची. मग तू विहिरीच्या पाण्याने माझे डोळे धुवायचीस आणि संध्याकाळपर्यंत लाली उतरायची. शिरगावात आपल्याला लाल डोळ्याचं एकच कारण ठाऊक होतं, खार.

तू गेलीस तेव्हा मी नववीत होते. पुढे कॉलेजात फळ्यावरची अक्षरं एकावर एक चढू लागली, चष्मे बदलून भागेना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बुबुळावरचा पारदर्शक पडदा पातळ होऊन शंकूसारखा पुढे आलाय, चोळलं की आणखी बिघडतो. तुझी चापट बरोबर होती. कडक लेन्स घालून मी पदवी घेतली, घरातली पहिली, आणि बोईसरच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत लागले. मग उजव्या डोळ्यावर लेन्सही बसेना. गेल्या वर्षी त्यावर कुणा मृत माणसाने दिलेला पडदा शिवला. काही महिन्यांनी ओट्यावरून मला दोरीवरचा प्रत्येक बोंबील सुटा दिसला.

यंदा ऐन वाळवणात तो डोळा लाल झाला. आत्या म्हणाली, "हंगामात कोनाचा डोला लाल नाय? पानी मार." मलाही तसंच वाटलं. मी पाणी मारून कामावर जात राहिले. एका सकाळी प्रयोगशाळेतली ट्यूबलाइट डोळ्यात खुपायला लागली, काचनळीवरच्या रेघा धुक्यात गेल्या. शेजारच्या टेबलावरची मुलगी म्हणाली, "दीदी, रीडिंग मैं ले लूँगी. तुम डॉक्टर के पास जाओ, अभी."

दवाखान्यात मी तपासणीच्या यंत्रावर हनुवटी टेकवून बसले आहे. डॉक्टरीणबाई भिंगातून डोळा तपासतात. मग म्हणतात, "तुझं शरीर हा पडदा नाकारतंय. खार धुऊन जातो गं, हे नाही जात." दर तासाला थेंब सुरू झाले. पडदा वाचेल की पांढरा पडेल, ते सांगता येत नव्हतं. मी मोबाईलवर गजर लावले आणि एकही थेंब चुकवला नाही. आत्या चिडवायची, "तुजा डोला हाय का जावई? सारका मान मागतंय." पण पुढचा गजर झाला की बाटली तीच आणून द्यायची.

पडदा वाचला. कडेला थोडा धूसरपणा राहिला आहे, आणि थेंबांमुळे डोळ्यातला दाब वाढतो का ते तपासत राहावं लागतं. पुन्हा कधीही असं होऊ शकतं. म्हणून मी आत्याला पाठच करून घेतलंय: लाली, उजेड न सोसणं, धूसर दिसणं, यातलं एक जरी झालं तरी त्याच दिवशी डॉक्टर. किनाऱ्यावर डोळे चोळणारी पोरं दिसली की तपासणीला पाठवते. बायका हसतात. हसू देत.

आता डाव्या डोळ्यावरही लेन्स टिकत नाही. काल डॉक्टरीणबाईंनी त्यावरही पडदा शिवण्याचे सगळे धोके पुन्हा सांगितले, विचार करून ये म्हणाल्या. मी तिथेच हो म्हणाले. आवाज माझा ठाम होता, पण बाहेर आल्यावर घरी न जाता मी बाकावरच बसून राहिले. हे बाबांना अजून सांगितलेलं नाही. आधी तुला सांगायचं होतं.