शुक्रवारी कारखाने बंद असतात

बाबा, सकाळपासून घरात नुसत्या येरझाऱ्या घालतेय. भाजी चिरायला घेतली, ती अर्धी तशीच पडलीय. कपडे वाळत घालायला गेले आणि बादली गॅलरीतच ठेवून परत आले. शेवटी म्हटलं, तुलाच लिहावं. तुला बोलून सांगायची सोय तशी नव्हतीच. शेवटची वर्षं आम्ही तुला माझ्या पोरीच्या जुन्या पाटीवर लिहून दाखवायचो: जेव, गोळी घे, पाहुणे आलेत. पाटीवर तेवढंच मावायचं, आणि आम्हालाही तेवढीच लिहायची सवड असायची. आजचं काही पाटीवर मावणारं नाही.

तर ऐक. मी आपल्या गल्लीत कानतपासणीचं शिबिर घेतलं. हसू नको. जन्मात कधी हळदीकुंकू धड पार पाडलं नाही, ती मी शिबिर भरवायला निघाले. कारण तूच. जन्मभर कापडाच्या कारखान्यात लूमवर उभा राहिलास आणि माझ्या लग्नाच्या वयापर्यंत तुझे कान पार गेले होते. माझं लग्न ठरवायची ती बैठक माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघतेय. तू सतरंजीवर मधोमध बसलायस, अंगात इस्त्रीचा सदरा, आणि पाहुणे बोलतील त्याला हसून मान हलवतोयस. मुलीनं नोकरी सोडावी असं ते म्हणाले, त्यालाही हलवलीस. जाताना ते म्हणाले, मुलीचा बाप फार समजूतदार आहे. तुला एक अक्षर कळलं नव्हतं रे. सोडलेली नोकरी पुन्हा धरायला माझी पोर शाळेत जाईपर्यंत थांबावं लागलं. तुझा दोष नव्हता हे मला कळत होतं, तरी राग तुझाच यायचा. अजूनही येतो मधूनच.

तेव्हा ठरवलं, या गल्लीतल्या आणखी कुणाच्या बापानं अशी मान हलवायला नको. वळ गावच्या गोदामातल्या ऑफिसात मला रविवारची सुट्टी असते, म्हणून दिवस रविवारचा धरला. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. समाजमंदिराचा हॉल मागितला, गणपती मंडळाच्या खुर्च्या आणल्या, रिक्षाला भोंगा बांधून गल्लोगल्ली पुकारा केला. ठाण्याहून तपासणारी मुलगी मशीन घेऊन आली. मी नवी साडी नेसून दारात उभी. आणि बाबा, कुणी आलं नाही. चहा दोनदा गरम केला. रिकाम्या खुर्च्या उगाच सरळ केल्या, पुन्हा वाकड्या केल्या. लोकांना आपल्या भल्याचं काही पडलेलं नाही, असं म्हणून मनातल्या मनात सगळ्या नारपोलीला शिव्या घालून झाल्या.

दुपारी एकच माणूस डोकावला. आपले चाचा, तुझे दुसऱ्या पाळीचे जोडीदार. तू दिवसपाळीला असलास की तेच माग रात्री त्यांच्या हाती असायचे. आता थकलेत, पण अजून थोडं काम करतात. बनियनला सुताचा भुगा चिकटलेला, तसेच आले होते. खुर्च्यांकडे बघत म्हणाले, "बेटी, इतवार को कौन आएगा? इतवार को तो मशीन चलती है." मी कपाळाला हात लावला. या गावाचा आठवडा शुक्रवारी संपतो, हे शेंबडं पोरही सांगेल. मी तर शुक्रवारी तुझ्या मांडीवर वाढले. एका ऑफिसच्या नोकरीपायी तेवढंही विसरले.

चाचा आलेच होते, तर म्हटलं त्यांची तरी तपासणी होऊ दे. पण ती मुलगी मशीन उघडून नुसती बसून होती. मला म्हणाली, "ताई, हा आवाज बंद झाल्याशिवाय काहीच करता येणार नाही." मी विचारलं, "कसला आवाज?" ती माझ्याकडे बघतच राहिली. मग भिंतीकडे बोट दाखवलं. पलीकडे कारखाना, अलीकडे कारखाना, समोर कारखाना. खटाखट खटाखट, टेबलावरचे कप थरथरत होते. तिनं दाखवलं तेव्हा मला ऐकू आलं. कानांच्या शिबिराला मी असली जागा आणि असला दिवस निवडला होता, आणि माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. तोंड लपवायला जागा राहिली नाही.

शुक्रवारी तुझी काय गत व्हायची ते आठवतंय. माग थांबले की तुला झोप यायची नाही. स्वयंपाकघरात पाट घेऊन बसायचास, मटणाला फोडणी स्वतः द्यायचास, सारखं झाकण उघडून बघायचास. मी चुलीकडं तोंड करून काहीतरी बोलले की वस्सकन ओरडायचास, "तोंड दाखव. पाठमोरी बोलतेस ते मना समजत न्हाय." मला ते कायम रागावणंच वाटायचं. तू नुसतं सांगत होतास, हे कळायला त्या बाहेरच्या मुलीनं भिंतीकडे बोट दाखवावं लागलं.

काल पुन्हा शिबिर घेतलं. शुक्रवारी, आजचीही धरून दोन दिवसांची रजा टाकून. त्या मुलीला हातापाया पडून परत बोलावलं. भोंगा नाही, काही नाही, चाचांनीच निजामपुऱ्यापर्यंत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. जुम्म्याची नमाज झाली आणि माणसं येत गेली, आपली, त्यांची, खुर्च्या कमी पडल्या. पहिले चाचा बसले. कानाला हेडफोन, आवाज आला की बोट वर करायचं. सगळी गल्ली गप्प, आणि त्यांचं बोट गुडघ्यावर तसंच. मला वाटलं, आता मीच रडणार. मग बोट हळूच वर झालं आणि ते मोठ्यानं म्हणाले, "आया!" तुझ्याच आवाजात बोलले की रे. सगळे हसले, मीसुद्धा. मुलगी म्हणाली, थोडं ऐकू येणं शिल्लक आहे, कानाचं मशीन लावलं तर उपयोग होईल.

संध्याकाळी मी हॉलच्या मोरीत कप विसळत होते. चाचांनी येऊन खांद्याला हात लावला. तुम्ही लूमवर करायचात तशी खूण केली: कानाला हात, मग मागे बोट. ती मुलगी दारात उभी होती. मला म्हणे तिनं दोनदा हाक मारली होती. चाचांनी नुसते तिचे ओठ हलताना बघितले होते. "ताई, सगळे झाले. आता तुम्ही बसा तपासायला," ती म्हणाली. मी म्हटलं, आज नको गं, ही भांडी शेजारी परत द्यायचीत.

हे पत्र टाकायचं तरी कुठे? पोर येईल, घडी करून तुझ्या त्या पाटीखाली ठेवते. ती हल्ली माझ्याशी बोलताना समोर येऊन उभी राहते, कधीपासून ते मी विचारलेलं नाही. आणि बाबा, कालची ती भांडी शेजारची नव्हतीच. आपल्याच घरची होती.