खणावरचं नाव

वॉटरफोर्ड, सोमवार

प्रिय देवू,

शाळा सुटल्यापासून पहिल्यांदाच तुला कागदावर लिहितेय, आणि तेही तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर. तुझ्या ओंगारच्या घरी पाठवलं असतं तर आधी गौरवने उघडलं असतं, आणि तुझा नवरा इतका सरळ की संध्याकाळी रणजितला फोन करून, काय रे, वहिनींचं काय बिनसलंय, असं विचारून मोकळा झाला असता. माझ्या फोनवरून बोलायची सोय नाही. रणजित तो रोज तपासतो. मी माझ्याच नवऱ्याला घाबरलेय, देवू.

मागच्या महिन्यात इथल्या कलाकेंद्रात कॅनडाहून मार्लीन नावाच्या बाई आल्या. तिथल्या मूळ रहिवाशांपैकी, क्री लोकांच्या. त्यांच्यातल्या कितीतरी बायका-मुली नाहीशा झाल्या, कितीजणींचे खून झाले, आणि पुष्कळदा कुणी धड चौकशीही केली नाही. त्यांच्यासाठी मार्लीन लाल शालींवर मण्यांचं काम करतात, इतकं बारीक की बघताना डोळे दुखावेत. शाली छताला टांगलेल्या, पांघरणारी कुणी नाही. दार उघडलं की सगळ्या एकदम हलतात. पहिल्या दिवशी माझ्या नऊ वर्षांच्या स्वरांगीचा हात धरून मी दारातच थबकले. मार्लीनची धाकटी बहीण अकरा वर्षं सापडली नव्हती. घरचे तिला ज्या नावाने हाक मारत, ते कुठल्या कागदावर नव्हतंच. दुसऱ्या शहरात तिला दुसऱ्याच नावाने पुरलं होतं. हे सगळं त्या सुईत दोरा ओवता ओवता सांगत होत्या.

इथल्या बायकांनाही त्यांनी बोलावलं. लाल कापड आणा, आणि तुमच्यातली जी नाहीशी झाली तिचं नाव मण्यांनी शिवा, म्हणाल्या. आयरिश बायका आपल्या आत्या-मावश्यांची नावं घेऊन बसल्या, घरच्यांनी कुठेतरी पाठवून दिलेल्या आणि कधीच परत न आलेल्या. मी प्रेसमधून, म्हणजे कपाटातून गं, इथे राहून जीभ बिघडलीय, ओटीत आलेला लाल खण काढला. मणी माझ्या मंगळसूत्राचे घेतले. मार्चमध्ये ते तुटलं तेव्हा दाराच्या कडीत अडकलं असं मी तुला सांगितलं होतं. खोटं होतं ते. रणजितने ओढलं होतं. मानेवरचा वळ जाईपर्यंत मी उंच गळ्याचे स्वेटर घालून फिरले, आणि व्हिडिओ कॉलवर तू म्हणालीस, काय स्टाईल मारतेस.

चार शनिवार बसून मी नाव शिवलं, केतकी. लग्नात रणजितने ताटातल्या तांदळावर अंगठीने मृणालिनी असं लिहिलं आणि मागे उभी राहून तू मला चिमटा काढलास. त्यानंतर तुझ्याशिवाय कुणी मला केतकी म्हटलेलं नाही. माहेरचेसुद्धा जावयाला आवडतं म्हणून मृणालिनीच म्हणतात. मार्लीनने विचारलं, ही कोण? मी म्हटलं, मीच. त्यांनी माझा हात धरून ठेवला, आणि मी खूप रडले. पण चूक झालीच. इथे हे नाव कुणालाच माहीत नाही, या भरवशावर मी खण टांगायला दिला. ज्याने ते बदललं त्याला तरी माहीत असणारच, एवढं साधं मला सुचलं नाही.

काल मराठी मंडळाच्या शोभनाकाकूंनी हौसेने ग्रुपवर फोटो टाकला. आपला खण परदेशी प्रदर्शनात, ही केतकी कोण ते ओळखा, असं खाली लिहिलेलं. रणजितने नाश्ता करताना तो पाहिला. ओरडला नाही. ओरडला असता तर मला इतकी भीती वाटली नसती. चहा ओतत, माझ्याकडे न बघता म्हणाला, "केतकी हरवली तर शोधणार कोण?" मग त्याने स्वरांगीच्या टोस्टला नीट लोणी लावून दिलं. दुपारी बघते तर माझा पासपोर्ट जागेवर नाही. आज शाळेत सोडताना स्वरांगीने विचारलं, "मॅम, इज डॅड ग्रँड नाऊ?" इथल्या मुलांसारखी ती आईला मॅम म्हणते, आणि ग्रँड म्हणजे ठीक. मी हो म्हणून मान हलवली.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. मार्लीनने बायकांना आसरा देणाऱ्या एका संस्थेतल्या बाईंशी माझी गाठ घालून दिलीय. गुरुवारी रणजित हॉस्पिटलमध्ये ड्यूटीवर असेल. दहा वाजता मी स्वरांगीला शाळेतून घेऊन त्यांच्या गाडीत बसणार. कुठे जाणार ते तुलाही सांगायचं नाही, असं त्यांनी बजावलंय. पाचच्या आत मी तुझ्या ऑफिसच्या नंबरवर फोन करीन. नाही आला तर थेट पोलिसांकडे, गार्डा स्टेशनवर जा. माझी दोन्ही नावं सांग, ती कागदावर उतरेपर्यंत तिथून हलू नकोस. आणि त्याआधी रणजितला फोन करू नकोस, देवू. तो इतकं गोड बोलेल की मी रुसून माहेरी गेलेय यावर तुझा विश्वास बसेल. माझाही दहा वर्षं बसत होता.

तुझीच,
केतकी