देवाला पाप लागतं का?

आई, तुझे गुडघे आता कसे आहेत? दादांचा दमा तिकडं तरी बसला का? थोरल्या मावशीच्या डोळ्यात फूल पडलं होतं, तिला नीट दिसतं ना? तिकडं दुखणंखुपणं नसतं असं मी आजवर कितीतरी मयताच्या घरी सांगत आलो, तरी विचारल्यावाचून राहवत नाही. इकडचं म्हणशील तर तुझी सून बरी आहे, साखर तेवढी वरखाली होते. माझ्या मुलाचं ठीक. नातसून चार दिवस चहा-बिस्किटावर आहे, जेव म्हटलं की नुसती मान हलवते. आणि तुझी पणती, जिला तू पाहिलंच नाहीस, आठ वर्षांची आहे, ती नगरच्या दवाखान्यात आहे. मानेला गाठ आहे. तिचा तुकडा काढून तपासायला धाडलाय, शुक्रवारी रिपोर्ट येणार. मी कपडे न्यायला श्रीरामपूरला आलो, दुपारची एसटी चुकली, पुढची चारला. तोवर स्वयंपाकघरात बसून हे लिहितोय.

खरं सांगू का, मी भ्यालोय. कारखान्यात बॉयलरवर तीस वर्षं काढली. काटा लाल रेघेकडं सरकला की कुणाला हाक मारायची, कुठल्या दारानं पळायचं, सगळं पाठ होतं. इथं दारच सापडत नाही. काल डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजोबा, रिपोर्टशिवाय मी काहीच सांगू शकत नाही," आणि मी जिना चढून सरळ गच्चीवर गेलो. तिथं पेशंटच्या माणसांचे कपडे वाळत होते. मी वर बघून मोठ्यानं म्हणालो, "लेकराच्या मानेवर हात टाकलास. हे पाप आहे. तू पाप केलंस." चर्चच्या मंडळीनं निवडलेला मी वडील, दुसऱ्यांच्या खाटेशी प्रार्थना करणारा, आणि माझ्या तोंडून हे! कोपऱ्यात एक बाई लुगडं पिळत होती, पाथर्डीकडची असावी. म्हणाली, "कुनाला बोलताय बाबा एवढं?" म्हटलं, "देवाला." तिनं लुगडं झटकून दोरीवर टाकलं. "मंग हळू बोला. लेकरू आजून आतच हाय न्हवं तुमचं?"

तिनं वाईट मनानं म्हटलं नाही गं. पण तेव्हापासून बायबलात काय काय वाचलंय ते एकेक वर येतंय. तो संतापतो. तो ईर्ष्यावान आहे, असं स्वतःच सांगतो. माणूस घडवला म्हणून एकदा पस्तावला. आपल्याला येतात त्याच या उकळ्या. मग आपल्यासारखाच तो डूखही धरत असेल का? माझ्या जिभेचं देणं त्या एवढ्याशा मानेकडून वसूल करील का?

हा प्रश्न मी तुला नऊ वर्षांचा असताना विचारला होता, आठवतं? तू मिशनची बायबलबाई. दिवसभर वाड्यावस्त्या पायी हिंडून बायकांना वाचून दाखवायचीस. संध्याकाळी तू भाकरी थापायचीस तेव्हा वाचायचं काम माझं. शाळा चौथीत सुटली, जे काही वाचायला शिकलो ते त्या चुलीपुढं. त्या दिवशी गाडीची गोष्ट निघाली. देवाचा कोश, म्हणजे त्याच्या आज्ञांची पेटी, जिला कुणी शिवायचं नाही, ती बैलगाडीवरनं नेतायत, खळ्यापाशी बैल अडखळतात, कोश कलंडतो, आणि तो पडू नये म्हणून गाडीशेजारचा माणूस हात लावतो. देवाचा राग भडकतो. माणूस जागच्या जागी मरतो. मी ओळीवर बोट ठेवून विचारतो, "आई, त्यानं सावरलंच ना गं? आपली गाडी कुणी सावरली तर आपण त्याला गूळपाणी देतो. मग देवानं पाप केलं का?" तुझा हात पिठानं भरलेला. तो तसाच माझ्या गालावर बसतो. "जीभ झडंल मेल्या!" तव्यावरची भाकरी करपते, आणि ती करपलेली भाकरी तूच खातेस, माझ्याकडं न बघता.

दुसऱ्या दिवशी तू वस्तीवरनं लवकर आलीस. पदरात गाभुळलेल्या चिंचा होत्या. मला ओट्यावर बसवलंस, चिंच सोलून हातात दिलीस. "काल मी मारलं, ते पाप झालं माझं. तुझ्या विचारन्यानं मी भ्याले. मानूस भ्यालं की त्याचा राग वंगाळ हुतो. देवाला कुनाचं भ्या हाय? म्हनून त्याच्या रागात पाप न्हाई." मी कसला ऐकतोय! म्हटलं, "पण तो पस्तावतो. पस्तावतो म्हणजे चुकलाच की." तू हसलीस. "तू नदीला पळून गेल्तास तवा मी म्हनले, कशाला जन्म दिला ह्या कारट्याला. मंग तुला जन्म देऊन मी पाप केलं व्हय? जीव लावला की तोंडातनं निघतं तसं."

ही तुझी पुंजी मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या दारात वाटली. लोक शांत व्हायचे. काल ती मलाच पुरली नाही. आमचे पास्टर तरणे आहेत, शिकलेले आहेत. फोनवर म्हणाले, "काका, पाप करणं त्याच्या स्वभावातच बसत नाही." बरं, नाही बसत. मग शुक्रवारी त्या कागदावर जे येईल ते बरोबरच आहे म्हणायचं? माझ्या जिभेला ते जमायचं नाही. आणि बसत असेल, तर मी गाऱ्हाणं घेऊन जाऊ कुणाकडं? इकडं आड आणि तिकडं विहीर, आई, आणि पोरीचं बोट माझ्या हातात.

आता मुळावर येतो. दोन-अडीच महिन्यांपूर्वी तिला पहिल्यांदा ताप आला, मानेला गाठ आली. गोळ्यांनी दोन्ही गेलं. डॉक्टरांनी महिन्यानं पुन्हा दाखवा म्हणून बजावलं होतं. पण मी उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! लगेच पुढच्या रविवारी घरी उपकारस्तुती, देवाचे आभार मानायची प्रार्थना, ठेवली. मंडळी जमली, गीतं झाली, मी उभा राहून देवानं पोर बरी केल्याची साक्ष दिली, मग दारात मांडव घालून जेवणं. महिना भरला तेव्हा माझी सून, पोरीची आई, म्हणाली, "मामा, एकदा दाखवून आणू का? माझ्या हाताला काहीतरी लागतंय." मी तिला काय म्हणालो असेन? "एवढ्या माणसांत साक्ष दिलीय. आता संशय घेतला तर देवाला खोटं पाडल्यासारखं होईल." तिनं बिचारीनं दवाखान्याचे कागद परत कपाटात ठेवले. पुन्हा ताप भरेपर्यंत आणखी महिना तसाच गेला.

हेही सगळ्यांना माहीत आहे. माहीत नाही ते एवढंच. त्या रविवारी सकाळी पोरीच्या वेण्या मीच घातल्या, बायका स्वयंपाकात होत्या म्हणून. कानामागचे केस ओढून घेताना बोटाखाली वाटाण्याएवढं काहीतरी सरकलं. दारात लोक चपला काढत होते, मटणाची पातेली चढली होती. मी रिबीन बांधली, बाहेर गेलो आणि म्हणालो, माझी नात समूळ बरी झाली. काल गच्चीवर देवाला पापी म्हणून ओरडलो, तेव्हाही तो वाटाणा बोटाला लागत होता.

साडेतीन झाले, निघायला हवं. सून दवाखान्याच्या फाटकापाशी कपड्यांच्या पिशवीची वाट बघत असेल. तिला सांगितलं तर ती मला पोरीजवळ बसू देईल का, याचीच मला देवाच्या रागाहून जास्त भीती वाटते. सांगू का नको? हे पत्र टपालात पडायचं नाही, मला कळतं. तरी उत्तर लवकर दे, आई. शुक्रवारच्या आत दे.