सलोमीजवळ कोण?

पुणे,
१८ नोव्हेंबर १९८३

प्रिय हेमा,

सलाम. तुझं पत्र येऊन तीन आठवडे होऊन गेले आणि मी उत्तर दिलं नाही. म्हणजे एव्हाना तू रुसली असशील, माधवरावांना दहा वेळा विचारून झालं असेल की सुहासला झालंय तरी काय, आणि त्यांनी नेहमीसारखा टपालखात्यावर ठपका ठेवला असेल. टपालाचा काही दोष नाही. तू प्रश्नच असा विचारलास की हात चालेना. वर्षभरासाठी म्हणून बोलावलेल्या पाळकाला तिथली मंडळी आता कायमचं राहा म्हणते, माधवरावांचं मन रमलंय, करुणाला शाळा आवडते, आणि तू लिहितेस, 'सगळं खरं, पण सलोमीला पुण्यात एकटीला टाकून मी इथे कशी राहू? तू सांगशील तसं करीन.' वा गं वा! स्कॉटलंडातली अख्खी मंडळी, तिचे पंच आणि एक रेव्हरंड, एवढे सगळे असताना निर्णय कोणी करायचा, तर मुलींच्या बोर्डिंगच्या मेट्रनबाईंनी!

आधी इकडची खबर घे. देऊळ जागेवर आहे, छप्पर गळतंय, आणि माधवरावांच्या जागी आलेले तरुण पाळक उपदेशाला उभे राहिले की घड्याळाकडे बघणं पाप समजतात. मागच्या रविवारी आधी लेकरं झोपली, मग त्यांच्या आया, आणि शेवटी आपले सेक्रेटरी हिंदुराव घोरायला लागले. नव्या पाळकांनीही आल्या आल्या त्यांना विचारलंच, की नाव हिंदुराव आणि चर्चचे सेक्रेटरी कसे? हिंदुरावांचं उत्तर ठरलेलं, 'बाप्तिस्मा आजोबांनी घेतला, नावाला कशाला भिजवायचं?' पेटी आता माझ्याऐवजी शकू वाजवते. बोर्डिंगमध्ये आठवीला होती ती, तुला आठवत असेल. सूर चुकते, पण धिटाईनं वाजवते. भाता मारून माझा हात दुखायला लागला, म्हणून मी मागच्या बाकावर बसून नुसती गाते. मागच्या बाकाचं एक बरं असतं, उपदेश ऐकू येत नाही.

तुझी पत्रं मी मुलींना वाचून दाखवते, आपल्या दोघींतलं तेवढं गाळून. देवळात पंधरा म्हाताऱ्या आणि एक कुत्रा, हे वाचलं तेव्हा पोरी लोळून हसल्या. तिथूनच साहेबलोक येऊन आपल्या पणज्यांना प्रार्थना शिकवून गेले, आणि आता त्यांच्याच गावात प्रार्थना चालवायला पुण्याहून माणूस न्यावा लागतो. उलटी गंगा म्हणतात ती हीच. तुझ्या पिठल्याला त्या म्हाताऱ्यांनी 'पिवळं सूप' म्हटलं आणि भांडं पुसून खाल्लं, हेही मी सगळ्या बोर्डिंगला सांगितलं. पण एक पत्र मी कोणाला वाचून दाखवलं नाही. समुद्रात मुलगा गेलेली ती बाई, सहा वर्षं देवळात पाऊल न टाकलेली. तू तिच्या स्वयंपाकघरात दुपारभर बसलीस आणि तिला सलोमीबद्दल सांगितलंस. हेमा, पुण्यात असताना तुझ्या तोंडून तिचं नावसुद्धा निघत नव्हतं. ते पत्र मी उशाशी ठेवलंय.

हल्ली मला जुनं फार आठवतं. मे महिन्याची सुट्टी लागली की बोर्डिंगच्या फाटकाशी सगळ्यांचे वडील आणि मामा न्यायला यायचे आणि मी खिडकीत उभी राहून कोण कोण गेलं ते बघायची. दुसरीच्या वर्षी तू तुझ्या दादांना म्हणालीस, 'हिलापण घ्या,' जणू वाटेत आंब्याची पाटी घ्यायची होती. दादांनी काही विचारलं नाही, माझी पत्र्याची पेटी उचलून खांद्यावर घेतली. तेव्हापासून सुट्टी म्हणजे लोणी काळभोर. तुझ्या आईनं मला पाहुणी कधी मानलंच नाही, म्हणजे पहिल्याच सकाळी विहिरीवर पाणी भरायला पिटाळलं. माझं नाव, आडनाव, जन्मतारीख, सगळं बोर्डिंगच्या मडमबाईंनी ठेवलेलं. भाकरी थापायला मात्र तुझ्या आईनं शिकवलं, आणि ती मला अजून येते.

सलोमीला माझ्या किल्ल्यांच्या जुडग्याचा भारी सोस होता. तुझ्या कडेवरून ती माझ्याकडे झेप घ्यायची ती माझ्यासाठी नव्हे, कमरेच्या किल्ल्यांसाठी, हे मला पक्कं ठाऊक होतं आणि तरी मला चालायचं. दीड वर्षाचं पोर, तापानं दोन दिवसांत गेलं. शवपेटी केवढीशी होती! पण कबरस्थानातल्या गेनबानं खड्डा पुरा माणसाएवढा लांब आणि खोल खणलेला. माधवरावांनी विचारलं तर म्हणाला, 'साहेब, म्होरं आईबापाला वर जागा ऱ्हाऊ द्या.' मला त्याचा संताप आला होता. तू मात्र मान वर करून त्याच्याकडे बघितलंस, आणि त्या दिवसात तुला आधार वाटला असेल तर तो त्या एकाच वाक्याचा. कसब्यातल्या दादामियाँनी दगड घडवला, त्यांनीही खालचा अर्धा भाग कोरा ठेवला. पुढे रोज संध्याकाळी तू तिथे जाऊन बसायचीस. करुणा वेणी न घालता शाळेत जायची आणि माधवराव भात लावून तुझी वाट बघायचे.

म्हणून स्कॉटलंडचं बोलावणं आलं तेव्हा माधवराव आधी माझ्याकडे आले. पंचांना, बिशपांना नंतर विचारलं. 'सुहासताई, नेऊ का तिला? मला आणखी काही सुचत नाही,' एवढंच म्हणाले. मी म्हटलं, न्या, आणि उशीर करू नका. त्यांना फाटकापर्यंत पोचवलं आणि आत येऊन मुलींच्या वाटणीच्या चपात्या मोजता मोजता रडले. मला तू हवी होतीस गं. पण तू इथे दिवसेंदिवस त्या दगडासारखी होत चालली होतीस, आणि ते बघवत नव्हतं. तिकडे गेल्यावर पहिली चार पत्रं नुसती थंडीबद्दल होती. पाचव्यात तू कोणाचीतरी नक्कल केलीस, तेव्हा मी देवाचे आभार मानले.

तू नाहीस तर सलोमीकडे दर रविवारी उपासनेनंतर मी जाते. पावसाळ्यात गवत माजतं, ते गेनबाकडून काढून घेते. पुनरुत्थानाच्या दिवशी पहाटे सगळी मंडळी मेणबत्त्या घेऊन कबरस्थानात जमली, तेव्हा मी तुमच्या तिघांच्या नावानं तीन लावल्या आणि माझी एक. वारा होता, तरी टिकल्या. गेल्या महिन्यात गेले तर गेनबा चुना लावत होता. त्यानं नवीन सांगितलं. 'बाई, हितं आता नवा खड्डा न्हाई. जागाच संपली. ज्याचं मानूस हितं हाय त्यानं त्याचीच कबर उघडायची, आन् एकदा उघडली की फुडं लई वर्सं हात लावायचा न्हाई, असं पंचांनी ठरवलंय.' ज्यांचं इथे कोणी नाही त्यांच्यासाठी विश्रांतवाडीच्या पुढे, आळंदी रस्त्याला जमीन घेतलीय. मी बघून आले. मोकळा माळ आहे, एक झाड नाही, आणि सध्या तिथे एकच कबर आहे. हिंदुराव म्हणतात, हवा चांगली आहे. मी म्हटलं, हो, राहणाऱ्यांना फारच उपयोगी.

आता तुझं उत्तर. तिथेच राहा, हेमा. हे मी मनाविरुद्ध लिहिते आहे असं समजू नकोस, आणि मनापासून लिहिते आहे असंही समजू नकोस. तू परत यावीस असं मला रोज वाटतं. सकाळी दूधवाल्याची घंटा वाजली तरी वाटतं तूच आलीस. पण तू इथे आलीस की पुन्हा त्या दगडापाशी जाऊन बसशील, हे तुलाही माहीत आहे आणि मलाही. तिथे तुझ्यासाठी दार उघडून बसणारी माणसं आहेत. करुणाची वेणी तू रोज घालतेस, असं तिनंच मला लिहिलंय. माधवरावांना सांग, तिथल्या पंचांना हो म्हणून कळवा.

आणि आता जे लिहायला तीन आठवडे लागले ते. हात भात्यानं दुखत नव्हता. छातीत गाठ आहे, ती काखेपर्यंत गेलीय. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई स्वभावानं माझ्यासारख्याच, गोड बोलता येत नाही. म्हणाल्या, उन्हाळा धरून बेत करू नका. तू धावत येऊ नकोस. येऊन काय करशील, आणखी एका कबरीपाशी बसशील. मला मरायची फार भीती वाटत नाही, प्रभूवर भरवसा आहे. भीती वाटते ती त्या माळाची. हसू नकोस. चाळीस मुलींच्या खोलीत वाढले, आणि पुढे मेट्रन झाले तरी दार उघडं टाकून मुलींच्या आवाजातच झोपत आले. मला एकटीनं झोपता येत नाही गं. सलोमीच्या वरची जागा तुझी आहे, मला माहीत आहे, आणि ती एकदा दिली की तुला मिळायची नाही. आईकडून तिच्या लेकराजवळची जागा मागायची म्हणजे काय, हेही कळतं मला. तरी मागते. तिच्याजवळ कोण राहील म्हणून विचारलंस ना? मी राहीन. हिंदुरावांच्या नावानं चार ओळी लिहून सही कर आणि लवकर पाठव. घरच्याच माणसाला देता येते, तेव्हा नातं लिहावं लागेल. बहीण लिही. त्यांनी कागद मागितला, तर म्हणावं, कागद नाही, लोणीत विचारा.

तुझीच,
सुहासिनी